एका पायाची निळी

लग्नानंतरची पहिली दिवाळी होऊन गेली आणि माझा भाऊ मला भेटायला गडहिंग्लजहून कोल्हापूरला आला. त्याच्या हातात एक पिंजरा होता. एसटीत सगळा वेळ तो मांडीवर घेऊन, वारा लागू नये म्हणून वर स्वतःचा टॉवेल टाकून तो आला होता. आत दोन पाखरं होती, एक हिरवा नर आणि एक आभाळी रंगाची मादी. आम्ही त्यांना लव्हबर्ड म्हणायचो. बजी हे त्यांचं खरं नाव मला कितीतरी वर्षांनी कळलं. नव्वदच्या दशकात आमच्याकडं पिंजऱ्यातल्या प्रत्येक बारक्या पोपटाला लव्हबर्डच म्हणत.

सासरी मला करमत नाही, असं मी भावाला कधी सांगितलं नव्हतं. त्याला ते कसं कळलं कोण जाणे. मंगळवार पेठेतल्या त्या घरात आम्ही तिघंच होतो. मी, माझा नवरा आणि सासूबाई. नवरा उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. सासरे बऱ्याच वर्षांपूर्वी गेले होते आणि सासूबाईंनी ऑर्डरप्रमाणे कांदालसूण चटणी करून देऊन घर चालवलं होतं. त्यांना मी आत्ती म्हणायचे. त्या बोलायला लागल्या की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. मी मात्र माहेरी कन्नड बोलत वाढलेली. सासरचेही लिंगायतच, कन्नड त्यांना समजायचं, पण घरातली बोली पक्की कोल्हापुरी. आपलं काहीतरी चुकेल म्हणून मी कमीच बोलायचे. आत्ती म्हणतील त्याला ‘व्हय’ म्हणायचं आणि कामाला लागायचं, एवढंच मला जमत होतं.

पिंजरा बघून आत्ती माझ्या भावासमोरच म्हणाल्या, “माहेरास्नं पोरी सोनं आणत्यात. हिनं पाखरं आणली.”

भाऊ हसला. मीही हसले, पण रात्री भांडी घासताना मला ते चांगलंच लागलं होतं.

पाखरांनी माझे दिवस मात्र बदलून टाकले. सकाळी चहाच्या आधी मी त्यांच्या वाटीत राळे घालायचे, कोथिंबिरीची काडी जाळीत अडकवायचे. काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस आणून टांगला होता, त्यावर दोघं चोची घासत बसायची. हिरवा सतत बडबडायचा. निळी शांत, पण खाण्याच्या बाबतीत त्याला बाजूला सारणारी. मी त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलायचे. घरात माझा आवाज तेवढाच निघायचा.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत आत्तींचा चटणीचा हंगाम सुरू झाला. नव्या मिरच्यांची पोती आली. मिरच्या भाजताना घरात उभं राहवत नसे. शेजारीपाजारी खोकायचे आणि मी नाकाला पदर बांधून काम करायचे. तो खकाणा पाखरांना सोसायचा नाही म्हणून त्या दिवसांत पिंजरा मी वर गच्चीवर, पत्र्याच्या सावलीला टांगत होते.

एका सकाळी मी आत्तींच्या हाताखाली होते. त्या कढईत मिरच्या हलवत होत्या, मी खोबरं किसत होते. वरून असा एक चिरका आवाज आला, की ते पाखरू ओरडतंय हेसुद्धा मला आधी समजलं नाही. मी किसणी टाकून जिन्यानं वर पळाले. पिंजऱ्याला एक शिक्रा चिकटला होता. पंख पसरलेले, डोळे पिवळे, आणि एक पंजा गजांतून आत घातलेला. आतलं निळं काहीतरी तो बाहेर ओढत होता. मी दोरीवरची ओली चादर ओढली आणि जीव खाऊन त्याच्यावर फेकली. तो उडाला, शेजारच्या कौलांवर क्षणभर टेकला आणि निघून गेला.

हिरवा वरच्या कोपऱ्यात गजांना चिकटून दगडासारखा बसला होता. निळी तळाशी आडवी पडली होती. तिचा डावा पाय गुडघ्याखाली फाटून नुसत्या कातडीवर लोंबत होता आणि रक्त थांबत नव्हतं. मी तिला ओंजळीत घेतलं, खाली आले, हळदीच्या डब्यात बोट घालून जखमेवर चिमूट दाबून धरली. एवढ्याशा जिवात रक्त ते किती असणार, ते सगळं आपल्या बोटांवर येतंय असं मला वाटत होतं. हळूहळू ते थांबलं.

आत्ती कढई उतरवून आल्या. त्यांनी वाकून बघितलं.

“गेली ती,” त्या म्हणाल्या. “ठिव खाली. उगंच तिचं हाल करू नगंस.”

त्या वाईट मनानं बोलल्या नव्हत्या. त्यांनी आयुष्यात पुष्कळ जनावरं मरताना बघितली होती आणि मरणाऱ्याला निवांत मरू द्यावं, एवढाच त्यांचा अर्थ होता. पण मी तिला खाली ठेवलं नाही. त्या घरात आत्तींनी सांगितलेली गोष्ट मी न करण्याची ती पहिली वेळ होती आणि ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

नवरा जेवायला घरी आला, तेव्हा मी तशीच बसले होते. तो माझी समजूत काढायला लागला. रविवारी दुसरी आणू, अशीच निळी मिळेल, म्हणाला.

“मला हीच पायजे,” मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग ताटावरचं फडकं परत झाकलं, मिठाईचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका शोधून त्याला भोकं पाडली आणि लुना बाहेर काढली.

गुरांच्या दवाखान्यात आमच्या पुढं एक म्हैस होती आणि तिला धरायला चार माणसं. खोका मांडीवर घेऊन मी बाकावर बसले. शेजारच्या शेतकऱ्यानं “काय आणलायसा, पावणं? कोंबडी व्हय?” असं नवऱ्याला विचारलं. लव्हबर्ड म्हटल्यावर बाकावरची सगळी माणसं हसली. डॉक्टर हात धुऊन आले तेही हसतच होते, पण खोका उघडल्यावर त्यांचं हसू गेलं. ते खुर्ची ओढून बसले.

त्यांनी सरळ सांगितलं, की मी आजवर गायीम्हशी आणि फार तर कोंबड्या बघितल्यात, एवढं लहान पाखरू कधी हातात धरलेलं नाही. पाय वाचणार नव्हता. ठेवला तर सडेल आणि ती जाईल. कापायचा तर तेवढ्या भीतीनंच ती हातात जाऊ शकते. “ठरवा तुम्ही,” ते म्हणाले. “आणि धरणार कोण, तेही ठरवा.”

नवऱ्यानं आधी हात पुढं केला. लेथवर लोखंड कापणारा त्याचा हात, पण खोक्यापर्यंत जाऊन तो मागं आला. मग मी धरलं. डोकं दोन बोटांच्या मध्ये, पंख तळव्यात, छातीवर दाब नाही, असं डॉक्टरांनी मला दाखवलं. तिचं काळीज माझ्या हातात इतक्या जोरात धडधडत होतं, की ठोके वेगळे कळतच नव्हते. नुसती थरथर लागत होती. डॉक्टरांनी बारीक दोऱ्यानं पाय वर आवळला, कात्री एकदाच चालवली, वर औषध लावलं. तिनं डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. मग तिनं वळून माझ्या अंगठ्याला जे चावलं, ते रक्त येईपर्यंत.

“हे बरं लक्षण आहे,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कपाळ पुसलं.

ऊब द्या, अंधारात शांत ठेवा, नराला दोन दिवस लांब ठेवा, नाहीतर जखमेवर टोचेल, असं त्यांनी सांगितलं. आणि खायला घाला. खाल्लं तर जगेल.

घरी आल्यावर नवऱ्यानं खोक्याच्या एका बाजूला बल्ब बसवून दिला. मी ड्रॉपरनं ग्लुकोजचं पाणी पाजायला गेले, पण ती चोच उघडेना. एक थेंब आत जायचा आणि दोन बाहेर ओघळायचे. थंडी अजून पुरती गेली नव्हती आणि संध्याकाळ झाल्याबरोबर वीज गेली. बल्ब विझला. मी बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळत होते, पण घाईत अर्धं पाणी हातावर सांडलं. आत्ती दारात येऊन उभ्या राहिल्या.

“आण हिकडं,” त्या म्हणाल्या. “बंबाजवळ ठिवू. जाळ इझलाय, धूर न्हाय. नुसता निखारा हाय.”

न्हाणीतल्या तांब्याच्या बंबाशेजारी त्यांनी पाट मांडला, खोका त्यावर ठेवला आणि हात आत घालून ऊब बघितली. थोडा मागं सरकवला, परत हात घालून बघितला. वीज येईपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसून होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निळी जिवंत होती, पण पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसलेली. नाचणीची पातळ पेज केली, ती घेईना. भिजवलेले राळे चोचीशी धरले, तिनं मान वळवली. ड्रॉपर दिसला तरी ती मागं सरकून पडायची. दुपार व्हायला आली तशी माझा धीर सुटला. काल सगळ्यांना हट्टानं धावायला लावलं आणि आज ही माझ्या डोळ्यांसमोर उपाशी मरणार, असं वाटायला लागलं.

बाहेरच्या खोलीत हिरव्यानं सकाळपासून एकच रट लावली होती. तो हाका मारत होता. आणि माझ्या लक्षात आलं, की दर हाकेनंतर खोक्यातून अगदी बारीक, चिमटीत मावेल एवढा आवाज येतोय. मी इतकं बोलत होते त्याला ती ओ देत नव्हती. हिरव्याला देत होती.

डॉक्टरांनी नराला लांब ठेवायला सांगितलं होतं. मी थोडा विचार केला आणि मधला मार्ग काढला. हिरव्याचा पिंजरा आणून खोक्याला चिकटून ठेवला. मध्ये गज, म्हणजे त्याला जखमेपर्यंत पोचता येणार नाही, पण चोचीला चोच लागेल. खोक्याची ती बाजू मी कापून टाकली.

हिरवा काठीवरून खाली आला. गजांशी येऊन त्यानं तिला न्याहाळलं. मग मान वरखाली हलवायला लागला, आणि त्याच्या गळ्यातून भिजलेले, सोललेले राळे वर आले. त्यानं गजातून चोच पुढं केली. निळी पोटावर सरपटत पुढं आली आणि तिनं चोच उघडली.

मी कोल्हापुरात आहे हे विसरले. “आत्ती, इल्ली बर्री!” मी कन्नडमध्येच ओरडले. इकडं या, म्हणून. त्या पिठाचे हात तसेच घेऊन धावत आल्या. हिरव्यानं एक घास दिला, दम घेतला, दुसरा दिला. आत्ती गुडघ्यांवर हात टेकून बघत राहिल्या.

“आपल्या तोंडातला घास काढून देतोय की गं,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “आमच्या घरात कुणी केलं न्हाय असं.”

मला हसू आलं, आणि त्याही हसल्या. तोपर्यंत आम्ही दोघी एका वेळी एकाच गोष्टीला हसलो आहोत, असं झालं नव्हतं.

संध्याकाळी निळीनं ड्रॉपरमधून पाणीही घेतलं. पण आता दुसरीच अडचण उभी राहिली. आत्तींनी एका लग्नघरची चटणी कबूल केली होती आणि दुसऱ्या दिवशी मिरच्या भाजायच्या होत्या. पाखरं गच्चीवर न्यायची सोय आता नव्हती. आणि घरात खकाणा झाला तर निळी वाचली नसती. मी ते रात्री जेवताना बोलले. आत्ती जेवत राहिल्या. दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता, हे मलाही माहीत होतं.

“घरात मिरच्या भाजायच्या असतील तर भाजा,” मी म्हणाले, “मी पाखरं घेऊन सकाळच्या गाडीनं गडहिंग्लजला जातो.” आमच्या भागात बायकाही जातो, करतो असंच बोलतात. “ती बरी झाली की येतो.”

नवऱ्याचा घास हातातच राहिला. आत्तींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी नुकतीच दारातून आत आले आहे.

“तुला आवाज हाय व्हय?” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, मुकीच आणलीया.”

सकाळी उठून बघते तर त्या मागच्या मोकळ्या बोळात तीन विटा मांडून चूल पेटवत होत्या. त्या सबंध हंगामात त्यांनी घरात मिरची भाजली नाही. बोळातली माणसं खोकत येऊन तक्रार करायची, तेव्हा आत्ती त्यांना ठणकावून सांगायच्या, “घरात पेशंट हाय.”

जखम भरली, खपली पडली आणि डाव्या बाजूला एक गुळगुळीत गाठ राहिली. मग खरं काम सुरू झालं. निळी काठीवर बसायला जायची आणि तोल जाऊन धपकन खाली पडायची. पुन्हा गज धरून चढायची, पुन्हा पडायची. नवऱ्यानं वर्कशॉपच्या सुताराकडून रुंद फळीचा तुकडा आणला आणि पाय घसरू नये म्हणून त्याला सुतळी गुंडाळली. त्यावर ती पोट टेकून विसावायला शिकली. चढताना चोच हाच तिचा दुसरा पाय झाला. चोचीनं गज धरायचा, एका पायानं अंग वर उचलायचं, परत चोच. महिनाभरात ती पिंजऱ्याच्या छतापर्यंत हिरव्याच्या आधी पोचायला लागली.

उडणं तिला येतच होतं. उतरणं येत नव्हतं. मी खोलीतली भांडी हलवली, दारं लावली, जमिनीवर वाकळ अंथरली आणि रोज दुपारी दोघांना मोकळं सोडायला लागले. ती सुंदर उडायची आणि उतरताना छातीवर आपटायची. मला बघवत नव्हतं, पण ती थांबत नव्हती. एका दुपारी आत्ती भिंतीशी बसून लसूण सोलत होत्या. निळी खोलीभर दोन फेऱ्या मारून खाली आली, पंख मागं घेऊन हवेत क्षणभर थांबली आणि आत्तींच्या अंबाड्यावर उतरली. एका पायानं केस घट्ट धरून, ताठ उभी. पडली नाही.

आत्ती हलल्या नाहीत. लसणाची पाकळी हातात तशीच धरून त्या हळूच म्हणाल्या, “बसलीया का अजून?”

“बसलीया,” मी म्हणाले.

“मग ऱ्हाऊ दे. पाय दुखला असंल तिचा.”

शिक्रा पावसाळ्यानंतर परत आला. तेव्हा पिंजरा पुन्हा गच्चीवर होता, पण नवऱ्यानं त्याच्याभोवती हातभर अंतर सोडून बारीक जाळीची दुसरी चौकट उभी केली होती. शिक्रा जाळीवर आपटला आणि पंजा आत जाईना म्हणून धडपडत राहिला. आत्तींनी हंड्यातलं तांब्याभर पाणी त्याच्या अंगावर असं भिरकावलं, की हातातला तांब्यापण गेला. तो चेपलेला तांब्या त्यांनी पुढं कितीतरी वर्षं आल्यागेल्याला दाखवला. मी निळीकडं बघितलं. पहिल्यासारखी तळाशी न जाता ती मधोमध फळीवर बसली होती आणि शिक्र्याकडं बघून कर्कश ओरडत होती.

दुसऱ्या वर्षी हिरवा तिला विनाकारण घास भरवायला लागला, तेव्हा मी पाखरांच्या दुकानात अंडी घालायचं मडकं आणायला गेले. दुकानदारानं सगळं ऐकून मान हलवली. एका पायाच्या मादीला तोल सांभाळता येत नाही, अंडी फुटतील, पिल्लं पायाखाली चिरडतील, उगीच तिला त्रास, असं तो म्हणाला. तो त्याच्या अनुभवानं बोलत होता. घरी येऊन मी आत्तींना सांगितलं. त्यांनी विचारलं, “मडकं दिलं का न्हाय त्यानं?”

मडकं फळीच्या उंचीलाच बांधलं, म्हणजे तिला उडी मारावी लागणार नाही. आत लाकडाचा भुसा जाड घातला. ती आत गेली आणि पाणी पिण्यापुरती सोडली तर बाहेर येईनाशी झाली. हिरवा तोंडाशी बसून तिला भरवायचा. पाच अंडी झाली. त्यातली दोन वांझ निघाली, आणि दुकानदाराचंच खरं होणार असं मला दोन दिवस वाटत राहिलं. मग एका सकाळी राळे घालताना मडक्यातून अगदी बारीक चिवचिव ऐकू आली. मी श्वास रोखून आत डोकावले. निळीनं पोट जरासं उचललं होतं आणि तिच्या खाली एक गुलाबी, उघडं, डोळे मिटलेलं पिल्लू मान हलवत होतं. पायाऐवजी ती छातीवर आणि पंखांवर भार घेऊन बसली होती. एकही पिल्लू चिरडलं नाही. तिन्ही वाढली.

पिसं फुटली, रंग दिसायला लागले. दोन निळी, एक हिरवट पिवळं. गल्लीतली माणसं बघायला यायची. आत्ती त्यांना लांब उभं करायच्या आणि शिक्र्यापासून सगळी गोष्ट सांगायच्या. त्यांच्या सांगण्यात दर वेळी शिक्रा थोडा मोठा व्हायचा. गुरांचे डॉक्टरही एका संध्याकाळी स्कूटर थांबवून आत आले. त्यांनी मडक्यात बघितलं, मग फळीवरच्या निळीकडं बराच वेळ बघितलं आणि चहा घेता घेता म्हणाले, की त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मी पुस्तक काढून बघितलं होतं आणि मला काही ही जगेल असं वाटलं नव्हतं.

पिल्लं बाहेर पडली तो रविवार होता, म्हणून नवराही घरी होता. आम्ही पंखा बंद केला, खोलीचं दार, खिडक्या लावल्या आणि पिंजऱ्याचं दार उघडलं. पहिलं पिल्लू बराच वेळ दारात रेंगाळलं आणि एकदम सुटलं. भिंतीवर जाऊन आदळलं, पडद्याला लोंबकळलं. त्याच्या मागं दुसरं, तिसरं. मग हिरवा. आणि सगळ्यांत शेवटी निळी निघाली, सरळ, वेगात, आम्हा तिघांच्या डोक्यांवरून. एवढ्याशा खोलीत पाच पाखरं गरगर फिरत होती. आम्ही तिघं भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलो होतो आणि माना खाली घालत हसत होतो. आत्तींनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं होतं आणि त्या मोठमोठ्यानं सांगत होत्या, की दार कुणी उघडू नका, दार उघडू नका.